जुना सूक्ष्मदर्शक : ऑनलाइन लिलावातील खरेदी आणि पारख

सूक्ष्मदर्शक यंत्र आणि लिलाव यांचा संबंध बराच जुना आहे. हॉलंडमधील डेल्फ्ट या गावचा अँटनी लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी १७२३ साली मरण पावला. स्वतः घासलेल्या इवल्याशा भिंगांतून सूक्ष्मजीवांचे जग प्रथम पाहणारा तो हाच. त्याची कन्या मारिया १७४५ साली निवर्तली आणि १७४७ साली त्याची शेकडो भिंगे व सूक्ष्मदर्शके डेल्फ्ट येथे लिलावाने विकली गेली. त्यांपैकी आज मोजकीच शिल्लक आहेत. २००९ साली लंडन येथील क्रिस्टीज या लिलावगृहात त्यांतील एक चांदीचे यंत्र तीन लाख पौंडांहून अधिक किमतीस गेले.

इतक्या मोलाची वस्तू शाळेला नको असते. शाळेला हवे असते कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी स्पष्ट दाखवणारे साधे यंत्र. परंतु लेव्हेनहूकच्या भिंगांची ही कथा एक गोष्ट निश्चितपणे सांगते : काच सहजासहजी झिजत नाही. नीट सांभाळलेले भिंग पन्नास वर्षांनीही पहिल्या दिवशी दाखवत होते तितकेच दाखवते. मोटारगाडी चालून झिजते, कापड वापरून विरते. सूक्ष्मदर्शकाचे भिंग मात्र पाहण्याने झिजत नाही. म्हणूनच जुना सूक्ष्मदर्शक विकत घेणे हा मूलतः शहाणपणाचा व्यवहार आहे. तो फसतो तो पारख नसल्यामुळे. आणि ऑनलाइन लिलावात ही पारख यंत्राला डोळा न लावता, केवळ छायाचित्रांवरून करावी लागते. ती कशी करावी, हे समजून घेणे हा या पुस्तिकेचा विषय आहे.

जबलपूर : प्रयोगशाळांचे नगर

नर्मदेच्या तीरावरील जबलपूर हे उदाहरणासाठी सोयीचे नगर आहे. १८३६ साली सागर येथे सुरू होऊन १८७३ साली जबलपुरास आलेली शिक्षणसंस्था पुढे रॉबर्टसन कॉलेज म्हणून प्रसिद्ध झाली; आजचे शासकीय विज्ञान महाविद्यालय ते हेच. १९४८ साली येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय, १९५५ साली वैद्यकीय महाविद्यालय, १९५६ साली विद्यापीठ आणि १९६४ साली कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आदिवासी जनतेच्या आरोग्याचा अभ्यास करणारी, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची संस्थाही १९८४ पासून याच नगरात आहे. मंडला, दिंडोरी या शेजारच्या जिल्ह्यांतील हिवतापाचे परजीवी आणि विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी सूक्ष्मदर्शकाखालीच ओळखल्या जातात.

अशा नगरात प्रयोगशाळा जुन्या होतात, यंत्रे बदलली जातात, डॉक्टरांनी विद्यार्थिदशेत घेतलेली यंत्रे घरच्या कपाटात पडून राहतात. दुसरीकडे त्याच नगरात आणि आसपासच्या गावांत अशा शाळा असतात की जेथे चाळीस मुलांमागे एकही सुस्थितीतील सूक्ष्मदर्शक नसतो. या दोन टोकांना जोडणारा पूल म्हणजे लिलाव. त्या पुलावरून जाताना पाय घसरला, तर हानी केवळ पैशांची होत नाही. ज्या मुलाला पहिल्या वेळी यंत्रात केवळ एक धूसर डाग दिसतो, तो मुलगा असा समज करून घेतो की पाहण्यासारखे येथे काही नाही. हा समज पुढे पुसणे फार कठीण जाते.

ऑनलाइन लिलाव कसा चालतो

महाजालावरील लिलावांचा आरंभ १९९५ साली अमेरिकेत झाला. पिअर ओमिदियार यांनी सुरू केलेल्या, पुढे ईबे या नावाने प्रसिद्ध झालेल्या स्थळावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक तुटका लेझर पॉइंटर होता, त्याला १४.८३ डॉलर मिळाले. मोडकी वस्तूही कोणाला तरी हवी असते, ही या व्यापाराची पहिली शिकवण. भारतात २००० साली बाझी हे लिलावस्थळ सुरू झाले. २००४ साली ते ईबेने विकत घेतले, आणि २०१८ साली ईबेचे भारतीय स्थळ बंद झाले. आज भारतातील ग्राहकापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात : परदेशी लिलावस्थळे, जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीची देशी स्थळे आणि शासकीय ई-लिलाव.

परदेशी स्थळांवर बहुधा गुप्त कमाल बोलीची पद्धत असते. खरेदीदार आपली कमाल मर्यादा यंत्रणेला सांगून ठेवतो, आणि यंत्रणा त्याच्या वतीने आवश्यक तेवढीच बोली वाढवीत जाते. समजा, एकाची मर्यादा ८,००० रुपये आहे आणि दुसऱ्याची ६,५०० रुपये. तर पहिल्यास ते यंत्र ६,५०० रुपयांहून एका लहान टप्प्याने अधिक एवढ्याच किमतीस मिळते. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी १९६१ साली दाखवून दिले की, जेथे जिंकणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच किंमत मोजावी लागते, तेथे आपल्याला वाटणारे खरे मोल एकदाच बोलून मोकळे होणे हेच सर्वांत हिताचे असते. ज्याला हे तत्त्व समजले, तो शेवटच्या घटकेच्या चढाओढीत रक्त आटवीत नाही.

शासकीय ई-लिलावाची रीत निराळी आहे. १९६४ साली स्थापन झालेले एमएसटीसी हे केंद्र शासनाचे महामंडळ शासकीय कार्यालये, कारखाने व संस्था यांच्याकडील निरुपयोगी ठरवलेल्या मालाचे लिलाव ऑनलाइन करते. शासनाच्या जेम या बाजारस्थळावरही अशा लिलावाची सोय आहे. येथे नावनोंदणी करावी लागते, अनामत रक्कम भरावी लागते, आणि माल ‘जसा आहे, जेथे आहे’ या अटीवर विकला जातो. शेवटच्या मिनिटांत नवी बोली आली, तर लिलावाची वेळ आपोआप वाढते. बोलीवर जीएसटी वेगळा पडतो. ठरलेल्या मुदतीत माल उचलला नाही, तर जागाभाडे द्यावे लागते.

या मार्गाचा एक मोठा लाभ असा की, लिलावापूर्वी ठरावीक दिवशी माल प्रत्यक्ष पाहण्याची मुभा असते. यंत्र नगरातच असेल, तर जबलपूरच्या खरेदीदाराने ही संधी कधीही दवडू नये. हातच्या काकणाला आरसा कशाला? मात्र सूक्ष्मदर्शक बरेचदा एकटा नसतो. पंखे, खुर्च्या, लोखंडी कपाटे यांच्याच ढिगात तो असतो, आणि बोली संपूर्ण ढिगावर लावावी लागते. एकट्या शाळेने अशा ढिगाच्या मागे लागण्यापेक्षा तो विकत घेणाऱ्या जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून केवळ यंत्र घेणे पुष्कळदा स्वस्त पडते.

विकणारा जाणतो, घेणारा जाणत नाही

जुन्या वस्तूंच्या बाजारात एक अडचण मूळचीच असते. वस्तूतील दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात. घेणाऱ्याला ठाऊक नसतात. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून या स्थितीचे विवेचन केले, आणि पुढे २००१ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : घेणाऱ्याला चांगले-वाईट ओळखता येत नसल्याने तो सर्वच वस्तूंना मध्यम किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगली वस्तू विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या वस्तू बाजारातून निघून जातात आणि उरतात त्या बहुतांशी सदोष.

या दुष्टचक्रातून सुटण्याचा उपाय एकच. घेणाऱ्याने विकणाऱ्याला असे प्रश्न विचारावेत की ज्यांची उत्तरे छायाचित्राने पडताळता येतील. त्यासाठी प्रथम यंत्राचे मर्म कोठे असते, ते जाणले पाहिजे.

विवर्धन हे यंत्राचे मोल नव्हे

जाहिरातीत ठळक अक्षरांनी लिहिलेले असते ते विवर्धन : ‘एक हजार पट’, ‘दोन हजार पट’. या आकड्याला स्वतंत्रपणे फारसा अर्थ नाही. वर्तमानपत्रातील छापील चित्र कितीही मोठे करून पाहिले, तरी ठिपकेच मोठे होतात, तपशील वाढत नाही. सूक्ष्मदर्शकाचेही तसेच आहे.

पदार्थाजवळ असणाऱ्या भिंगाला वस्तुभिंग म्हणतात. प्रयोगशाळेत त्याला ऑब्जेक्टिव्ह म्हणण्याचा प्रघात आहे. त्याच्या धातूच्या वेष्टनावर ‘४०/०.६५’ अशा रीतीने दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा विवर्धनाचा. दुसरा आकडा न्युमेरिकल ॲपर्चरचा. पदार्थातून निघालेला प्रकाश किती रुंद शंकूतून भिंगात शिरतो, हे तो सांगतो. सोयीसाठी त्यास प्रकाशग्रहणांक म्हणता येईल. एकमेकांजवळचे दोन बिंदू वेगळे दिसण्याची शक्ती याच अंकावर अवलंबून असते. प्रकाशाच्या तरंगलांबीला ०.६१ ने गुणावे व गुणाकाराला या अंकाने भागावे, म्हणजे वेगळ्या दिसू शकणाऱ्या दोन बिंदूंमधील लहानात लहान अंतर मिळते.

हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर धरली, तर पुढील हिशेब निघतो. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे येथे ध्यानात ठेवावे. १०/०.२५ हे वस्तुभिंग सुमारे १.३ मायक्रोमीटरपर्यंतचा तपशील दाखवते. ४०/०.६५ हे सुमारे ०.५ मायक्रोमीटरपर्यंत जाते. भिंग व काचपट्टी यांच्यामध्ये तेलाचा थेंब ठेवून वापरावयाचे १००/१.२५ हे वस्तुभिंग ०.२७ मायक्रोमीटरपर्यंत पोहोचते. माणसाची तांबडी रक्तपेशी सात-आठ मायक्रोमीटर व्यासाची असते. म्हणजे तिचा आकार पाहण्यास चाळीसचे भिंग पुरेसे होते. तिच्या आतील हिवतापाचा परजीवी ओळखण्यास मात्र शंभरचे भिंग लागते.

उपयुक्त विवर्धनाची मर्यादा प्रकाशग्रहणांकाच्या पाचशे ते हजार पट मानतात. १.२५ अंकाच्या भिंगाने साडेबाराशे पटींच्या पुढे गेल्यास प्रतिमा केवळ फुगते. ‘दोन हजार पट’ अशी जाहिरात दिसली, तर विकणाऱ्याला यंत्राची माहिती नाही किंवा तो ती देऊ इच्छीत नाही, एवढाच बोध घ्यावा. शालेय कामासाठी १०/०.२५ व ४०/०.६५ ही दोन भिंगे चांगल्या स्थितीत असणे हे खराब झालेल्या शंभरच्या भिंगापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

कोरलेली अक्षरे वाचावीत

जुन्या यंत्रात पुष्कळदा एका कंपनीचा सांगाडा आणि दुसऱ्याच कंपनीची भिंगे असा मेळ घातलेला असतो. हे शक्य होते, कारण लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने १८५८ सालीच वस्तुभिंगाच्या आट्यांचे माप ठरवून दिले. सुमारे २०.३ मिलिमीटर व्यासाचे ते आटे आजही सर्वत्र चालतात. परंतु आटे जुळले म्हणजे प्रतिमा जुळली, असे नव्हे.

भिंगावर ‘१६०/०.१७’ असे कोरलेले असेल, तर ते १६० मिलिमीटर लांबीच्या नळीसाठी आणि ०.१७ मिलिमीटर जाडीच्या आच्छादन-काचेसाठी, म्हणजे कव्हरस्लिपसाठी, बनवलेले असते. जर्मनीतील लाइट्झ कंपनीची जुनी भिंगे १७० मिलिमीटरच्या नळीची आहेत. नव्या यंत्रांतील भिंगांवर आडव्या आठाच्या आकड्यासारखी अनंताची खूण असते. ती जुन्या नळीवर बसवल्यास काम देत नाहीत. तसेच काही भिंगे ४५ मिलिमीटर, तर काही जुनी जपानी भिंगे सुमारे ३६ मिलिमीटर उंचीच्या पद्धतीची असतात. दोहोंची भेसळ झाली, तर भिंग बदलताच पदार्थ दृष्टीआड होतो आणि विद्यार्थ्याने सूक्ष्म पेच फिरवता फिरवता काचपट्टी फोडण्याचा संभव वाढतो.

म्हणून बोली लावण्यापूर्वी प्रत्येक वस्तुभिंगावरील अक्षरे स्पष्ट दिसतील, असे छायाचित्र मागवावे. डोळ्याजवळच्या भिंगाच्या, म्हणजे आयपीसच्या, नळीचा व्यासही विचारावा. तो २३.२ मिलिमीटर असल्यास बदली भिंग कोठेही मिळते. निराळा असल्यास मिळणे कठीण.

गोल फिरणारा मंच आणि त्यावर अंशांच्या खुणा दिसल्या, तर ते यंत्र बहुधा भूशास्त्राच्या अभ्यासासाठी बनवलेले असते. भेडाघाटच्या संगमरवराचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ काप त्यात सुंदर दिसेल. परंतु ते यंत्र अधिक किमतीचे असते, आणि त्याच्या ध्रुवण-पट्ट्या गहाळ झाल्या असतील, तर ती अधिक किंमत व्यर्थ जाते.

पितळेची झळाळी

‘ब्रिटिशकालीन पितळी सूक्ष्मदर्शक’ या नावाने लिलावात येणाऱ्या वस्तूंविषयी विशेष सावधगिरी हवी. उत्तराखंडातील रुडकी येथे पितळी दुर्बिणी, होकायंत्रे व तत्सम शोभेच्या वस्तू मोठ्या प्रमाणावर तयार होतात. त्यांवर लंडनच्या जुन्या नामांकित कारागिरांची नावेही कोरलेली आढळतात. शोभेची वस्तू म्हणून त्यांत काही गैर नाही. पण त्यांतून पेशी दिसत नाही. खऱ्या जुन्या यंत्रात वस्तुभिंगाचे आटे प्रमाणित मापाचे असतात, सूक्ष्म पेच प्रत्यक्ष काम करतो आणि मंचाखाली प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाची योजना असते. या तीन गोष्टी छायाचित्रात दिसत नसतील, तर दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण आठवावी.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. बाहेरून कळकट दिसणारे यंत्र निकामीच असते, असे नाही. रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठरावर हिवतापाच्या परजीवीची अवस्था प्रथम पाहिली. त्या वेळी त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजलेले होते आणि शिल्लक राहिलेले एकमेव नेत्रभिंग तडकलेले होते.  तरीही शोध त्याच यंत्राने लागला.

दोष : सुधारणारे आणि न सुधारणारे

जुन्या यंत्रातील दोषांचे दोन वर्ग करावेत. पहिला वर्ग सुधारण्याजोग्या दोषांचा. घट्ट बसलेला पेच हा त्यांतील सर्वांत सामान्य. दंतपट्टी व दंतचक्र यांमधील ग्रीस वर्षानुवर्षांनी सुकून गोंदासारखे होते. असा पेच बळाने फिरवू नये, दाते तुटतात. तो उघडून, जुने ग्रीस काढून, नवे लावले की यंत्र पुन्हा सुरळीत चालते. मंच आपोआप खाली घसरत असेल, तर पेचाचा ताण वाढवून तो दोष बहुधा जातो. आरशाची कलई उडाली असेल, तर नवा आरसा बसतो. जुन्या दिव्याचा बल्ब मिळत नसेल, तर एलईडी बसवता येतो. आरसा असलेले यंत्र तर विजेवाचूनही चालते. खेड्यातील शाळेला हा गुणच आहे.

दुसरा वर्ग न सुधारणाऱ्या, किंवा दुरुस्तीस यंत्राच्या किमतीहून अधिक खर्च लागणाऱ्या दोषांचा. भिंगावरची बुरशी हा त्यांतील आपल्या हवेतील मुख्य शत्रू. जबलपुरात वर्षाला सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. लाकडी पेटीत बंद ठेवलेल्या यंत्राच्या भिंगावर अशा दमट दिवसांत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरते. ती वरवरची असली, तर पुसली जाते. काचेवरील लेप तिने खाल्ला असला, तर डाग कायमचा राहतो. वस्तुभिंगात अनेक भिंगे एकमेकांस चिकटवलेली असतात. हा जोड सुटला, तर आत तैलरंगी वलये किंवा पानाच्या आकाराचे डाग दिसतात. शंभरच्या भिंगाचे टोक काचपट्टीवर आदळून खरवडलेले असेल, तर तेही कामातून गेले, असे समजावे. दोन डोळ्यांच्या यंत्रातील लोलक पडझडीत सरकले, तर दोन प्रतिमा एकमेकींवर बसत नाहीत आणि पाहणाऱ्याचे डोके दुखते. याच कारणास्तव न पाहता घ्यावयाचे असेल, तर शाळेने एका डोळ्याचे यंत्र पसंत करणे अधिक सुरक्षित.

मंचाखालील प्रकाशसंकेंद्रक, म्हणजे कंडेन्सर, जागेवर आहे की नाही, हे विसरून न जाता पाहावे. तो नसला, तर ४०/०.६५ या भिंगाला पुरेसा रुंद प्रकाशशंकू मिळत नाही आणि त्याची निम्मी शक्ती वाया जाते. यंत्राच्या जाहिरातीत वरून काढलेले छायाचित्र असते. कंडेन्सर असतो खाली. पुष्कळ खरेदीदार नेमके येथेच फसतात.

विकणाऱ्याकडून काय मागावे

वरील विवेचनावरून मागण्यांची यादी सहज तयार होते. प्रत्येक वस्तुभिंगाचे अक्षरांसह छायाचित्र. वस्तुभिंग उलटे धरून, उजेडासमोर, त्याच्या टोकाच्या काचेचे छायाचित्र. मंचाखालील भागाचे छायाचित्र. आयपीस काढून नळीतून खाली पाहिल्यावर दिसणाऱ्या प्रकाशाच्या चकतीचे छायाचित्र. ही चकती सर्वत्र सारखी उजळ असावी, तीत जाळे वा धुके नसावे. दोन्ही पेच पूर्ण फिरवतानाची आणि कंडेन्सरखालील पडदा उघडमीट करतानाची लहान चित्रफीत. आणि शेवटी, कोणत्याही पदार्थाचे आयपीसवर मोबाइल धरून घेतलेले छायाचित्र. प्रामाणिक विक्रेत्यास या मागण्या पुऱ्या करण्यास पाव तास पुरतो. जो टाळाटाळ करतो, त्याची टाळाटाळ हेच उत्तर होय.

परदेशातून मागवताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. अमेरिका व जपान येथील यंत्रांचे दिवे शंभर ते एकशेवीस व्होल्टचे असतात. ते २३० व्होल्टला थेट जोडल्यास जळतात. आणि जुन्या मालाच्या आयातीस नव्या मालाहून वेगळे नियम लागू होऊ शकतात. सीमाशुल्क व परवाना यांची चौकशी बोलीपूर्वी करावी; बोलीनंतर केलेली चौकशी ही केवळ हळहळ ठरते.

बोली किती लावावी

लिलावाचा एक विचित्र नियम आहे. वस्तूचे खरे मोल कोणासच नक्की ठाऊक नसते, आणि ज्याचा अंदाज सर्वांत अधिक फुगलेला असतो, तोच जिंकतो. अर्थशास्त्रात यास विजेत्याचा शाप म्हणतात. त्यावर उतारा म्हणजे लिलावापूर्वीच कागदावर केलेला हिशेब.

समजा, त्याच योग्यतेचे नवे शालेय यंत्र, उदाहरणार्थ वैज्ञानिक उपकरणांसाठी प्रसिद्ध असलेल्या अंबाला येथे बनलेले, १२,००० रुपयांस घरपोच मिळते. जुने यंत्र न पाहता घेतल्यास चारांतून एक निकामी निघेल, असे धरले, तर त्याचे सरासरी मोल ९,००० रुपये होते. त्यातून वाहतूक ९०० रुपये, साफसफाई व ग्रीस १,५०० रुपये आणि दिवा ६०० रुपये, असे ३,००० रुपये वजा करावेत. उरले ६,००० रुपये. हीच कमाल मर्यादा. जीएसटी द्यावा लागणार असल्यास तोही यातच बसला पाहिजे. हे आकडे केवळ कल्पित आहेत, परंतु रीत खरी आहे. मागितलेली सर्व छायाचित्रे समाधानकारक आली, तर धोका चारांत एक इतका राहत नाही आणि मर्यादा वाढवता येते. ज्ञानाचे मोल येथे रुपयांत मोजता येते.

यंत्र घरी आल्यावर

विक्रेत्याला आधीच सांगावे की, आयपीस व वस्तुभिंगे काढून वेगळी गुंडाळावीत आणि यंत्र दुहेरी खोक्यात भरावे. खोके उघडताना चित्रफीत घ्यावी. वर्णनाहून निराळी वस्तू आली, तर २०२० साली लागू झालेल्या ई-व्यापाराच्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार लिलावस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राचा १९१५ हा दूरध्वनी क्रमांकही त्यासाठी आहे. ‘जसा आहे’ या अटीवर घेतलेल्या मालाबाबत मात्र असा आधार फारसा मिळत नाही.

पहिली परीक्षा कांद्याच्या पापुद्र्याची. दहाच्या भिंगाखाली पेशींच्या भिंती रेखीव दिसाव्यात. आयोडीनचा थेंब घातल्यास चाळीसच्या भिंगाखाली प्रत्येक पेशीतील केंद्रक दिसावे. दुसरी परीक्षा नर्मदेच्या पाण्यातील दगडांवर जमणाऱ्या तपकिरी बुळबुळीत थराची. त्यात डायाटम नावाची, काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शैवले असतात. त्यांच्या कवचांवरील रेषा हे भिंगाचे जुने आणि विश्वासू परीक्षक आहेत. प्लुरोसिग्मा अँग्युलेटम या डायाटमच्या तयार स्लाइडवरील रेषा एकमेकींपासून सुमारे अर्ध्या मायक्रोमीटरवर असतात. ४०/०.६५ च्या भिंगाने त्या पुसट जरी दिसल्या, तरी ते भिंग आपल्या शक्तीच्या सीमेपर्यंत काम करीत आहे, असे खुशाल समजावे.

यंत्र ठेवावे ते कोरड्या हवेत. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा कोरड्या कराव्यात. भिंगावरील धूळ प्रथम हवेने उडवावी, मगच मऊ कागदाने पुसावी. स्पिरिटात भिजवलेला बोळा भिंगावर चोळू नये. भिंगे चिकटवणारा पदार्थ त्याने विरघळू शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यंत्र वापरावे. कपाटात जपून ठेवलेल्या यंत्रावर बुरशी चढते. दर आठवड्यास वर्गात येणाऱ्या यंत्राला हवा आणि उजेड मिळतो.

भिंग कोणी घासले, सांगाडा कोणत्या देशाचा, पितळ किती चमकते, यांपैकी कशाचाही प्रश्न काचपट्टीवरचा पदार्थ विचारीत नाही. प्रकाशग्रहणांक पुरेसा आहे का, भाग एकमेकांस जुळतात का आणि काच स्वच्छ आहे का, एवढेच तो विचारतो. या तीन प्रश्नांची उत्तरे बोलीपूर्वी मिळवणारी शाळा थोड्या पैशांत असे यंत्र मिळवू शकते की जे विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना पाण्याच्या एका थेंबातील वस्ती दाखवीत राहील.